मोकळीक मिळाली, आता नियमावली लिहा

स्वातंत्र्यापूर्वी अनेक कंपन्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या हातात असे. ‘डिफर्ड शेअर’ म्हणून ओळखले जाणारे भाग ते स्वतःकडे ठेवत. त्यांत गुंतलेला पैसा थोडा आणि मतं भरमसाट. भांडवल लोकांचं, शब्द एजंटांचा. भाभा समितीने १९५२ च्या अहवालात या प्रकाराविरुद्ध कौल दिला आणि १९५६ च्या कंपनी कायद्याने भागांचे दोनच प्रकार ठेवले: समभाग आणि अग्रहक्क भाग. समभागाला मत मिळायचं ते भरलेल्या भांडवलाच्या प्रमाणात.

हे बंधन सार्वजनिक कंपन्यांसाठी होतं. सार्वजनिक कंपनीची उपकंपनी नसलेल्या खासगी कंपनीला कलम ९० ने त्यातून वगळलं. तिचे सभासद जास्तीत जास्त ५०, भागांच्या हस्तांतरावर निर्बंध, आणि बरेचदा सगळे एका घरातले किंवा ओळखीतले. पण माझ्या पाहण्यातल्या छोट्या कंपन्यांनी ही सवलत क्वचितच वापरली. छापील नमुन्यातली नियमावली उचलायची, सह्या करायच्या आणि कामाला लागायचं, हीच रीत होती.

२००० च्या दुरुस्तीने सार्वजनिक कंपन्यांनाही वेगळ्या मतहक्काचे समभाग काढायला परवानगी मिळाली. टाटा मोटर्सने २००८ मध्ये दहा भागांना एक मत आणि पाच टक्के जादा लाभांश असे ‘ए’ भाग काढले. पुढे जळगावच्या जैन इरिगेशननेही कमी मतांचे भाग दिले. मोठ्या कंपन्यांमुळे हा विषय चर्चेत आला खरा, पण छोट्यांवर नेमकी उलटी वेळ आली. १ एप्रिल २०१४ पासून १९५६ च्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कंपनी कायद्याचं कलम ४३ खासगी कंपन्यांनाही लागू झालं. असे भाग एकूण समभाग भांडवलाच्या २६ टक्क्यांपर्यंतच, आणि तेही तीन वर्षं वाटण्याजोगा नफा असेल तरच. नव्याने उभ्या राहणाऱ्या कंपनीने असा नफा आणायचा कुठून?

ही कोंडी चौदा महिने टिकली. ५ जून २०१५ च्या अधिसूचनेनुसार, नियमावलीत किंवा घटनापत्रकात तशी तरतूद असेल तर खासगी कंपनीला कलम ४३ आणि ४७ लागू होत नाहीत. २०१७ मध्ये एक अट जोडली गेली: ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र भरण्यात कसूर नको. ही अट मला रास्त वाटते. २०१९ मध्ये सर्वसाधारण नियमातली नफ्याची अटही गेली आणि मर्यादा एकूण मतांच्या ७४ टक्क्यांवर गेली.

या मोकळिकीचा अर्थ आकड्यांत पाहू. दोन भावांचा कारखाना, दोघांकडे पाच-पाच हजार समभाग. नव्या मशीनसाठी बहीण पैसे घालते आणि तिला ‘ब’ वर्गाचे अडीच हजार भाग मिळतात, दहा भागांना एक मत. भांडवलात तिचा वाटा २० टक्के. मतं मात्र १०,२५० पैकी २५०, म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी. भावांनी एकमत केलं की कुठलाही विशेष ठराव मंजूर!

कागदोपत्री काम ठरलेलं आहे. विशेष ठरावाने नियमावली बदलायची आणि तीस दिवसांत एमजीटी-१४ भरायचा. अधिकृत भांडवल कमी पडत असेल तर ते वाढवून एसएच-७. मग नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, भागविक्रीचा विशेष ठराव आणि पीएएस-४ हे प्रस्तावपत्र. पैसे बँकेतूनच घ्यायचे, साठ दिवसांत वाटप करायचं, त्यानंतर पंधरा दिवसांत पीएएस-३. हा फॉर्म भरल्याशिवाय त्या पैशाला हात लावायचा नाही. हे सगळं सीए किंवा कंपनी सेक्रेटरी करून देतात.

पण बहिणीला काय मिळणार, हे कुठला फॉर्म ठरवत नाही. कलम ४८ तिच्या पाठीशी आहे: एखाद्या वर्गाचे हक्क बदलायचे तर त्या वर्गाच्या तीन चतुर्थांश भागांची संमती लागते. मात्र जो हक्क लिहिलाच नाही, त्याला हे कलम काय वाचवणार? भावांनी वर्षानुवर्षं लाभांशच जाहीर केला नाही तर? अग्रहक्क भाग घेतले तर दोन वर्षं लाभांश थकल्यावर सगळ्या ठरावांवर मत मिळतं; पण ती तरतूद कलम ४७ मध्ये आहे, आणि २०१५ नंतर खासगी कंपनीची नियमावली तीही बाजूला सारू शकते.

१९५६ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांतल्या कमी मताच्या माणसाला आधार दिला. खासगी कंपनीत तो आधार आपला आपणच उभा करायचा असतो. म्हणून भाग काढण्याआधी, सगळे एका ताटात जेवत असतानाच, किमान लाभांश किती, तो थकला तर मत कधी, कंपनी विकली तर वाटा किती आणि बाहेर पडायचं तर भागाची किंमत कोण ठरवणार, हे चार मुद्दे नियमावलीत आलेच पाहिजेत. ज्याच्याकडे मत नाही, त्याने हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि ज्यांच्याकडे मतं आहेत, त्यांनी ते लिहिल्याशिवाय घेऊ नयेत.