जोहान्सबर्ग ते दुगवे : खवले मांजराचं एक दशक

यंदाच्या ऑक्टोबरात दोन वर्धापनदिन एकत्र येतात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणारा 'साइट्स' करार भारताला १८ ऑक्टोबर १९७६ रोजी लागू झाला, त्याला पन्नास वर्षं होतील. आणि याच कराराच्या २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत खवले मांजराच्या आठही जाती सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात गेल्या, त्याला दहा. मागोवा घ्यायला एवढं निमित्त पुरलं असतं. मला मात्र लिहायला लावलं ते एका आकड्यानं. वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणारी 'ट्रॅफिक' ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांतल्या देशभरच्या जप्त्यांचा हिशेब मांडला. ३४२ घटना, १,२०३ खवले मांजरं. ७४ घटनांसह ओडिशा पहिला. दुसरा महाराष्ट्र: ४७ घटना, १३५ प्राणी. जप्त्या जास्त झाल्या म्हणजे वनखातं आणि पोलिस जागे आहेत, असा युक्तिवाद करता येतो आणि तो काही अंशी खराही आहे. तरी हा दुसरा क्रमांक मला अजून डाचतो. ज्या राज्यानं या प्राण्यासाठी देशाला दाखवावं असं काम केलं, त्याच राज्यात तो इतका विकला जातो.

सुरुवातीची वर्षं भराभर ओलांडू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खवले मांजर पहिल्या अनुसूचीत होतं, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या बरोबरीनं. १९७५ पासून आशियाई जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात होत्या, २००० साली जंगलातून पकडलेल्या आशियाई खवले मांजरांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्यावर आणला गेला. ठराव झाले, अहवाल झाले. चीन आणि आग्नेय आशियातली मांसाची नि खवल्यांची मागणी मात्र कमी झाली नाही. तिथली जंगलं रिकामी होत गेली तशी तस्करांची नजर आपल्याकडे आणि आफ्रिकेकडे वळली. शून्य कोट्याचं कौतुक तेव्हा फार झालं. मागणीला हात न लावता केलेल्या बंदीनं संकटाचा फक्त पत्ता बदलतो, हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

मला थांबायचंय ते २०१२ नंतरच्या दशकावर, कारण ते मी जवळून पाहिलं.

आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या प्रजाती आयोगाचा खवले मांजर तज्ज्ञ गट २०१२ मध्ये नव्यानं उभा राहिला. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेनं, झेडएसएलनं, त्याला आसरा दिला. असे गट म्हणजे काही कार्यालयं नव्हेत. देशोदेशीचे संशोधक, पशुवैद्य, प्राणिसंग्रहालयातली माणसं, व्यापाराचा माग काढणारे, गावात काम करणारे कार्यकर्ते असे शंभराहून अधिक सदस्य, बहुतेक विनामानधन. एकानं आफ्रिकेत पाहिलेलं दुसऱ्याला आशियात उपयोगी पडावं, एवढीच त्यामागची साधी कल्पना. नाशिककरांना या कल्पनेची किंमत गिधाडांमुळे कळायला हवी. गिधाडं डायक्लोफेनॅकनं मरतात हे पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून २००४ मध्ये समजलं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, आणि आपल्या हरसूल भागात गिधाडांना निर्धोक खाणं मिळावं म्हणून खोरीपाड्याला जे काम झालं, त्याच्या मागे हेच ज्ञान होतं.

खवले मांजराच्या गटापुढची अडचण जास्त अवघड होती. गिधाड आभाळात दिसतं, मोजता येतं. हा प्राणी रात्री निघतो, एकटा फिरतो, दिवसा बिळात दडतो. जून २०१३ मध्ये सिंगापूरला गटाची पहिली मोठी परिषद झाली, २०१४ मध्ये जगासाठीचा कृती आराखडा आला. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत आठही जाती धोक्यात असल्याची नोंद झाली. आपलं भारतीय खवले मांजर 'संकटग्रस्त', ईशान्य भारतात आढळणारं चिनी खवले मांजर त्याहून बिकट, 'अतिसंकटग्रस्त'. आधीच्या दशकभरात दहा लाखांहून अधिक खवले मांजरं चोरट्या व्यापारात गेली असावीत, हा अंदाज याच मंडळींचा. जगात सर्वाधिक तस्करी होणारा सस्तन प्राणी, ही ओळख त्याला तिथून मिळाली. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला प्रस्ताव मांडणाऱ्या देशांत भारतही होता. प्रतिनिधींच्या हातात तेव्हा जे पुरावे होते, त्यातले पुष्कळसे या लोकांनी पदरमोड करून गोळा केलेले होते. एखाद्या दुर्लक्षित प्राण्यासाठी चार वर्षांत इतकं घडलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच काळात, इकडे आमच्या नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात, त्र्यंबक तालुक्यातल्या एका पाड्याजवळच्या विहिरीतून काढलेलं खवले मांजर एका रोपवाटिकेत आणून ठेवलं होतं. मी पाहायला गेलो. लोखंडी पिंजरा, खाली सिमेंटची फरशी. ते अंगाचं वेटोळं करून कोपऱ्यात पडलं होतं. समोर परातीत उकडलेलं अंडं आणि दुधात भिजवलेला पाव. पुढच्या पायांची लांब नखं, ज्यांनी ते मुरमाड जमीन उकरतं, फरशी खरवडून झिजली होती आणि एकाच्या मुळाशी रक्त साकळलं होतं. खवल्यांच्या फटींत गोचीड दिसत होते. येणारा जाणारा मोबाइल काढत होता, कोणी काठीनं ढोसून ते उलगडतं का ते बघत होता. राखणीला असलेल्या माणसाच्या डोळ्यांत काळजी होती. तो पुन्हा पुन्हा पाव ताजा करून ठेवत होता. या जनावराला दात नसतात, ते मुंग्या आणि वाळवीवर जगतं, लांब चिकट जिभेनं वारुळातून ती टिपतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. दोन-तीन दिवसांत ते मेलं.

अशा वेळी काय करायचं ते सांगणारं ज्ञान तोवर जमा झालं होतं. अंधाऱ्या, शांत, हवेशीर खोक्यात ठेवा. बघ्यांना लांब ठेवा. पशुवैद्याकडून तपासा आणि धडधाकट असेल तर वेळ न घालवता, जिथं सापडलं त्याच टापूत रात्री सोडा. माणसाच्या ताब्यात हा प्राणी फार लवकर खचतो. भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये २००९ पासून त्याच्या प्रजननाचं केंद्र चालतं, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून हे शिकून घेतलं. मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे विहिरीतून वाचवलेलं एक जनावर पुन्हा पिंजऱ्यात गमावणं फार महाग पडतं. सिंगापूर, लंडन, भुवनेश्वर इथवर पोचलेली ही साधी माहिती त्र्यंबकच्या रोपवाटिकेपर्यंत का पोचली नाही, हा माझा त्या दशकावरचा आक्षेप आहे. इंग्रजीतल्या पुस्तिका जिल्ह्याच्या गावी येऊन थांबल्या. मराठीत, एका पानावर, चित्रांसकट त्या वनरक्षकाच्या हातात कोणी दिल्या नाहीत.

पण पोचवता येतं, हे चिपळूणनं दाखवून दिलं. सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि तिचे भाऊ काटदरे महाराष्ट्राला वेळासच्या कासवांमुळे माहीत आहेत. किनाऱ्यावर अंडी राखण्याचं काम गावानं अंगावर घ्यावं, पाहुण्यांना घरी उतरवून त्यातून चार पैसे मिळवावेत, ही रीत त्यांनी बसवली. तीच चिकाटी त्यांनी खवले मांजराकडे वळवली. बिळांच्या तोंडाशी कॅमेरे लावले, रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव बैठका घेतल्या, शिकार करणाऱ्यांशीही बोलले, शाळांत गेले, पोलिस आणि वनरक्षकांना प्राण्याची ओळख करून दिली. काटदरे आययूसीएनच्या तज्ज्ञ गटाचे सदस्य झाले, म्हणजे जगाचं ज्ञान चिपळुणात आलं आणि चिपळूणचा अनुभव जगापुढे गेला. मग चिपळूण तालुक्यातल्या दुगवे गावानं 'खवलोत्सव' केला. कोकणी माणसाच्या वर्षातल्या मोठ्या सणांपैकी एक शिमगा. तशाच वातावरणात, देवळात, पालखीच्या साक्षीनं गावकऱ्यांनी खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा केली आणि आपल्या रानातलं हे जनावर राखायचं ठरवलं. जोहान्सबर्गच्या ठरावाची खरी अंमलबजावणी मी म्हणेन ती ही. आमच्या त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरीत असं एकही दुगवे माझ्या पाहण्यात नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. आमच्याकडे रान आहे, वारुळं आहेत, बोहाड्यासारख्या उत्सवाची परंपरा आहे. उणीव आहे ती टिकून राहणाऱ्या माणसांची.

दशकाची अखेर वाईट झाली. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूर बंदरात आठवड्याभराच्या आत दोन कंटेनर पकडले. नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेले २५.६ टन खवले, म्हणजे सुमारे ३८ हजार जनावरं. पहिलं परिशिष्ट प्रत्यक्ष लागू होऊन तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती. मग कोरोना आला. ७ फेब्रुवारी २०२० ला दक्षिण चीन कृषी विद्यापीठानं खवले मांजरातला विषाणू माणसातल्या विषाणूशी ९९ टक्के जुळतो असं जाहीर केलं आणि जगभर या मुक्या जीवाला आरोपी ठरवलं गेलं. ९९ टक्क्यांचं साम्य जनुकसंचाच्या एका छोट्या भागापुरतं होतं, पूर्ण संच जेमतेम ९० टक्के जुळत होता, हा खुलासा मागून आला आणि आतल्या पानातही नीट छापला गेला नाही. त्यातून एक चांगलं निघालं. जून २०२० मध्ये चीननं खवले मांजराला पहिल्या दर्जाचं संरक्षण दिलं आणि औषधींच्या अधिकृत यादीतून खवले वगळले. काही तयार औषधांत ते राहिलेच, म्हणून मागणी संपली असं मानून चालणार नाही.

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. महाराष्ट्रात या जनावराचा घात करणारे सगळेच काही परदेशी गिऱ्हाइकासाठी काम करत नाहीत. मांडूळ सापासारखंच खवले मांजरही भोंदूंच्या हाती सापडलं आहे. घरात ठेवलं की धनलाभ, पूजा मांडली की पैशांचा पाऊस. राज्यानं डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तो होण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हयात वेचली, तरी हा बाजार चालूच आहे. खवल्यात केराटिन असतं, आपल्या नखांत असतं तेच. त्यात औषध नाही आणि धनही नाही.

या बाजाराला रोज खतपाणी घालतात त्या आपल्याच बातम्या. कुठंतरी ढाब्यावर बनावट ग्राहक पाठवून सापळा रचला जातो, चार जण सापडतात, आणि दुसऱ्या दिवशी मथळा: 'आंतरराष्ट्रीय बाजारात लाखोंची किंमत'. हा आकडा येतो कुठून? बहुतेकदा पकडलेल्या आरोपीच्या तोंडून. वन्यजीव गुन्ह्यांचा तपास करणारे लोक वर्षानुवर्षं विनवत आले आहेत की किंमत छापू नका, ती वाचून नवा माणूस कुदळ घेऊन रानात जातो. मी हे एका दैनिकाच्या संपादकीय विभागाला कळवलं होतं. आकडा नसेल तर बातमी कोण वाचणार, असं उत्तर मिळालं. तज्ज्ञांनी दहा वर्षं राबून जे उभं केलं, ते अशा एका ओळीनं खाली येतं. पेठ-सुरगाण्यातल्या हंगामी मजुराच्या हातात वर्षाला किती पैसा येतो हे ज्याला माहीत आहे, त्यानं तरी हा मथळा लिहू नये.

म्हणून माझी विनंती आधी बातमीदारांना आहे. किंमत गाळा आणि तिच्या जागी शिक्षा छापा: तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. वाचकांना एवढंच सांगणं आहे, की विहिरीत, कुंपणात किंवा रस्त्याकडेला खवले मांजर दिसलं तर त्याला उघडायला जाऊ नका, दूध-पाव घालू नका, गर्दी जमवू नका आणि त्याचं चित्रण कुठंही पाठवू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणसं येईपर्यंत थोडं लांब उभे राहून राखण करा.