नोंदवहीतील आई

लखनौजवळच्या बख्शी का तालाब तहसिलीत, गोमतीच्या काठी, चंद्रिकादेवीचे देवस्थान आहे. भाविक तिला 'मैया' म्हणतात. गावाच्या नावातला 'बख्शी' मात्र दप्तरातला. फौजेची हजेरी व पगार पाहणारा तो अधिकारी. मैया आणि हजेरीपट यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. लॅटिन भाषेत तो संबंध जुळलेला आहे, आणि जुळवणारा शब्द आहे 'मातेर'.

'मातेर' म्हणजे आई. संस्कृत 'मातृ', फारसी 'मादर' आणि इंग्रजी 'मदर' ही त्याची भावंडे. तान्ह्या मुलाच्या ओठांवरचा 'मा' आणि पितृ, भ्रातृ या शब्दांत दिसणारा नात्याचा प्रत्यय यांपासून हा शब्द बनला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. अल्बेनियन भाषेत याच शब्दाचा अर्थ 'बहीण' झाला. थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढलेल्यांना याचे नवल वाटू नये. मराठीत 'मातृ'ची 'माय' झाली, आणि 'मातृष्वसा', म्हणजे आईची बहीण, हिची 'मावशी'.

रोमन लोकांनी हा शब्द घराबाहेर नेला. ज्यातून फांद्या फुटतात तो बुंधा व त्याचे लाकूड म्हणजे 'मातेरिया'. आपल्या बोलण्यातले 'मटेरियल' तेथूनच आले. 'मात्रिक्स' ही आधी विण्यासाठी पाळलेली मादी, पुढे गर्भाशय, आणि उत्तरकाळी चक्क नोंदवही! मूळ वहीतून उतारे जन्म घेतात, अशी काहीशी कल्पना तिच्यामागे दिसते. तिचे लघुरूप 'मात्रिकुला'. उत्तरकालीन रोमन फौजेत सैनिकांच्या नामावलीला हेच नाव होते, म्हणजे बख्शीचेच दप्तर. पुढे युरोपातील विद्यापीठांनी विद्यार्थ्यांच्या यादीसाठी ते उचलले, आणि मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली तेव्हा 'मॅट्रिक' मराठी मुलखात आले. गोव्यात पोर्तुगीज अमलातील जमीनमहसुलाच्या नोंदीला 'मात्रिझ' म्हणतात. तेही त्याच कुळातले.

नोंदवहीला आईचे नाव मिळाले. नोंदवहीत आईला स्थान मिळाले, असे मात्र नव्हे. रोमन कायद्यात मूल बापाच्या सत्तेखाली असे. 'पातेर', म्हणजे बाप, यापासून 'पात्रिमोनियुम' हा शब्द झाला, त्याचा अर्थ वडिलार्जित मालमत्ता. त्याच घडणीचा 'मात्रिमोनियुम' आईपासून झाला, त्याचा अर्थ मात्र विवाह. एकाच्या वाट्याला इस्टेट आली, दुसरीच्या वाट्याला संसार.

महाराष्ट्रातही कागदोपत्री पूर्ण नाव लिहिताना मध्ये वडिलांचे नाव येई. आईचे आलेच तर निराळ्या रकान्यात. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा क्रम बदलला. मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, त्यानंतर वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला.