सरकारी कामावर मुकादमाचा दर का?

जळगाव-धुळे भागात रस्ते, पाटचाऱ्या, शाळाखोल्या यांची कामे सरकारी पैशातून निघतात. त्यावर आमच्या समाजातील गवंडी, बिगारी, माताभगिनी राबतात. पैसा सरकारी तिजोरीचा, पण हातात काय पडायचे ते मुकादम ठरवतो. हे किती दिवस चालू द्यायचे, असा आमचा रोकडा सवाल आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये मांडले. कायदा १९४८ साली झाला. अमेरिकेत तर १९३१ पासून सरकारी बांधकामावर त्या भागातील चालू दराहून कमी मजुरी देता येत नाही. आपल्याकडे किमान वेतन ही शेवटची पायरी, तीही मुकादम काढून घेतो.

१९८२ चा एशियाड खटला वाचावा. दिल्लीत क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. किमान वेतन रोज ९ रुपये २५ पैसे. जमादार माणशी एक रुपया दलाली कापी. आम्ही हिशेबाची माणसे. पंचवीस दिवसांत ही पावणेतीन दिवसांची मजुरी झाली! न्या. भगवती यांनी स्पष्ट सांगितले की, किमान वेतनाहून कमी देऊन राबवणे ही घटनेच्या कलम २३ ने बंद केलेली वेठबिगारीच आहे, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारी यंत्रणा सुटू शकत नाही. महारवतनाखाली राबलेल्यांच्या लेकरांना वेठ म्हणजे काय ते सांगायला नको. १९८३ साली राजस्थानातील दुष्काळी कामालाही न्यायालयाने हाच न्याय लावला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या. मजुरी थकल्यास तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. ठेकेदाराने बुडवलेली मजुरी काम देणाऱ्या खात्याने भरायची, हेही आहे. पण कंत्राटी मजुरांची ही तरतूद पन्नास वा अधिक मजुरांच्या कामालाच लागते. ही मोठीच खोट. गावातल्या दहा-पंधरा मजुरांच्या कामाला ती लागत नाही. किमान वेतन मात्र त्यांनाही आहे.

कोऱ्या मस्टरवर अंगठा देऊ नये. घरातल्या शाळकरी मुलीने रोज संध्याकाळी वहीत तारीख, काम, मुकादमाचे नाव आणि आईच्या हाती आलेली रक्कम लिहावी. कामाच्या फलकावर खात्याचे नाव असते, तेही उतरवून घ्यावे. कामगार कार्यालयात हजेरीचा वाद निघाला की पहिल्यांदा ही वहीच पुढे ठेवता येते.