समुद्रावरची पहिली खेप

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील डोईफोडिया हे गाव तापीच्या खोऱ्यात वसलेले आहे. मुलताईस उगम पावलेली तापी या मुलखातून पश्चिमेकडे वाहत जाते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. समुद्र मात्र इकडच्या पुष्कळांनी भूगोलाच्या पुस्तकातच पाहिलेला असतो. अशा गावातील एखाद्या तरुणाला उद्या वसईच्या किंवा अर्नाळ्याच्या होडीवर खलाशाचे काम मिळाले, अथवा १९६१ साली मुंबईत वर्सोव्यास स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत तो शिकावयास गेला, तर त्याची पहिली खेप कशी व्हावी? हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. पहिल्या खेपेत ज्याला धास्ती बसली तो पुन्हा होडीवर पाय ठेवत नाही. आणि ज्याला काहीच भीती वाटली नाही त्याच्याविषयी तांडेलाला अधिक काळजी वाटते.

नदीवरच्या माणसाची पहिली अडचण अशी, की त्याला पाण्याविषयी काही ठाऊक नसते असे नव्हे. त्याला जे ठाऊक असते ते समुद्रावर चालत नाही. नदीचे पाणी एकाच दिशेने वाहते. समुद्राचे पाणी सुमारे सव्वासहा तास चढते, तितकाच वेळ उतरते, आणि त्याबरोबर प्रवाहाची दिशाही फिरते. वसई, अर्नाळा, उत्तन येथील कोळी, ज्यांत ख्रिस्ती कोळीही पुष्कळ आहेत, बोंबील आणि जवळा धरण्यासाठी डोल नावाचे पिशवीसारखे जाळे लावतात. जाळ्याचे तोंड प्रवाहासमोर ठेवून ते खुंटांना किंवा नांगरांना बांधलेले असते; मासा त्यात पाण्याच्या जोरानेच शिरतो. पाणी फिरण्यापूर्वी जाळे उचलले पाहिजे. त्यामुळे होडीवरचे घड्याळ सूर्याचे नसून चंद्राचे असते. कोकणातील जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची वेळ अदमासे मिळते. अष्टमीस सहा वाजता पूर्ण भरती. दुसऱ्या दिवशी ती पाऊण तासाने पुढे. चौथीच्या मुलालाही हे गणित करता येईल. परंतु त्यावर रात्री दोन वाजता उठणे निराळे.

येथेच खरा पेच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. प्रवाह जोरदार असतो आणि डोलीत मासळीही अधिक सापडते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी मंद, जाळे अर्धे रिकामे. नवख्याला न्यावयाचे ते भांगाच्या दिवशी, हे उघड आहे. पण डिझेल तेवढेच जळते, खलाश्यांचा दिवस तेवढाच जातो आणि मासळी कमी येते. म्हणजे शिकवणीची फी शिकणारा देत नाही, होडी देते. ती वाचविण्यासाठी नवख्याला उधाणातच चढविण्याचा मोह होतो, आणि पुष्कळसे अपघात या काटकसरीतूनच घडतात.

निघण्यापूर्वी पोट रिकामे नसावे आणि तळलेल्या पदार्थांनी भरलेलेही नसावे. बोट लागणे हा भित्रेपणा नव्हे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की शरीर हलत आहे. होडीतल्या फळीवर खिळलेले डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे. या दोन साक्षींत मेळ न बसल्याने मळमळ सुटते. म्हणून नवख्याने होडीच्या मध्यभागी, इंजिनाच्या धुरापासून दूर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. त्याची थट्टा करणाऱ्या खलाश्यांपैकीही कित्येकांना पहिल्या दिवशी बोट लागलेली असते, एवढे त्याला कोणी तरी सांगितले तर औषधाचे निम्मे काम होते.

हात काय करतात यापेक्षा पाय कोठे आहेत याकडे तांडेलाचे लक्ष असते. नांगराचा किंवा जाळ्याचा दोर सुटत असताना त्याच्या वेढ्यात पाय असणे म्हणजे माणूस दोराबरोबर पाण्यात जाणे. पहिल्या दिवशी नवख्याने दोराला हातही लावला नाही तरी चालेल. वेढ्याबाहेर उभे राहण्यास मात्र त्याने शिकावे. जीवरक्षक जाकीट किनाऱ्यावरच अंगात घालावे, कारण पाण्यात पडल्यावर ते घालणे फार अवघड असते.

जाळे होडीत रिकामे झाले की नदीवरची आणखी एक सवय घात करू शकते. तापीकाठी पोरे पाणदिवडाला शेपटीने धरून फिरवितात. तो बिनविषारी असतो. डोलीत मात्र समुद्रसर्प सापडतात. त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते आणि ते विषारी असतात. पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो, शिंगाळ्याचे काटेही तळहातात खोल रुततात. म्हणून मासळी निवडण्याचे काम नवख्याला शेवटी द्यावे.

हवामानाविषयी तडजोड नसावी. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारीची बंदी असते; पण नारळ वाहिला म्हणजे समुद्र शांत झाला असे नव्हे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी, ऐन हंगामात, ‘फयान’ वादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि त्यात मच्छीमारांचे बळी गेले. गालीलचे सरोवर जेमतेम २१ किलोमीटर लांबीचे. तरी त्यावर वादळ उठले तेव्हा पेत्रासारखे जातिवंत कोळीही घाबरले, अशी कथा शुभवर्तमानात आहे. नवखे बरोबर असताना थोडा जरी इशारा असला तरी होडी बंदरातच राहावी, आणि निघालीच तर किनारा दिसेल इतक्यावरून परतावी.

परत आल्यावर वाळूवर पाऊल ठेवले की जमीनच डुलते आहे असे वाटते. बहुधा काही तासांत ते थांबते. मग मासळीचे वाटे होतात, जाळी धुतली जातात, आणि तांडेल निरोप देतो. त्या तरुणाला त्याने पुढच्या भांगाला बोलावले की पुढच्या उधाणाला, यावरून पहिल्या खेपेत त्याच्याविषयी काय ठरले ते कळते.