रुसलेला सत्ता
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मी गणितावर बोलतोय हे ऐकून माझे वर्गमित्र हसतील. पण शाळेतला गणिताचा एक तास थेट माझ्या घरात शिरला होता, तो सांगायचा आहे.

अब्बा शिंपीकाम करत. त्यांच्या वहीत पुढून गिऱ्हाइकांची मापं असत आणि मागून मटक्याचे आकडे. कोणता आकडा किती दिवस आलेला नाही, त्याची नोंद ते मापापेक्षा जास्त काळजीनं ठेवत. मी दहावीत असताना ‘सत्ता’ रुसला होता. ओळीनं दहा खेळ झाले, सात काही येईना. ‘आता आलाच पाहिजे’ म्हणून अब्बांनी माझ्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे त्याच्यावर लावले. सत्ता आला नाही. जुगार हराम आहे, हे अम्मीनं सांगितलं. ते अब्बांनाही माहीत होतंच.

फॉर्मचे पैसे का नाहीत, असं सरांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका रिकाम्या तासाला त्यांनी फळ्यावर ० ते ९ आकडे लिहिले.

तरुण श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईला कळत, त्यांवर पूर्वी पैजा लागत. १९६१च्या सुमारास ते थांबलं आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढणं सुरू झालं. पुढे पत्ते आले, तरी मटका, ओपन आणि क्लोज हे शब्द राहिले. तीन आकडे काढायचे, बेरीज करायची आणि एकंस्थानचा अंक घ्यायचा. २, ६, ९ आले तर बेरीज १७, म्हणजे सत्ता.

सर म्हणाले, तीनही वेळा दहा-दहा पर्याय, म्हणजे एकूण १००० निकाल. त्यांतले सत्त्याचे किती? पहिले दोन आकडे हवे ते येऊ देत, तिसरा मग ठरूनच जातो. २ आणि ६ नंतर ९च हवा, ५ आणि ५ नंतर ७च हवा. पहिल्या दोन आकड्यांच्या जोड्या १००, म्हणून सत्त्याचे निकाल १००. पंजाचेही तेवढेच, नव्व्याचेही तेवढेच. संभाव्यता दहात एक. अर्थात सोडत प्रामाणिक असेल तर. ती तशी असते अशी शपथ घेणारा मला अजून भेटायचा आहे.

आणि भाव? आमच्या गावात रुपयाला नऊ मिळत. सरांनी दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावून दाखवला. दहा गेले, नऊ आले. जोडीला शंभर शक्यता आणि भाव नव्वद, म्हणजे वजावट तीच. आलेले पैसे पुन्हा लावत गेलं तर सरासरीनं शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्याऐंशी होतात आणि दहा फेऱ्यांनंतर उरतात जेमतेम ३५ रुपये.

माझं मन मात्र सत्त्यात अडकलं होतं. मी विचारलं, ‘‘सर, दहा वेळा आला नाही, मग अकराव्या वेळी येण्याची शक्यता वाढत नाही का?’’

सरांनी आधी दुसराच हिशेब केला. एका खेळात सत्ता न येण्याची संभाव्यता दहात नऊ. तिला दहा वेळा गुणलं की ०.३५ येतात. म्हणजे दहा खेळांत सत्ता एकदाही न दिसणं, हे शंभरातल्या पस्तीस वेळा घडायचंच. रुसणं कसलं, तो रिवाजच झाला! मग ते अकराव्या खेळाकडे वळले. खेळ सुरू व्हायच्या आधी ‘अकराही वेळा सत्ता येणार नाही’ असं कुणी म्हटलं, तर त्याची संभाव्यता शंभरात एकतीस. पण दहा खेळ होऊन गेल्यावर ते दहा आता शक्यता राहिलेले नसतात, ते घडून गेलेले असतात. उरतो एकच खेळ आणि त्यात सत्ता पुन्हा दहात एक. ‘‘काल काय निघालं ते तुझ्या वडिलांच्या वहीला आठवतं, मडक्याला नाही,’’ सर म्हणाले. फॉर्मचे पैसेही त्यांनीच भरले.

आता दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे वेगळं प्रकरण आहे. मुलं नाणी उडवतात, फासे टाकतात. त्या फाशाशेजारी एखादा भावही लिहून द्यावा, असं मला फार वाटतं. संभाव्यता आणि भाव यांच्यातल्या फटीतूनच माणसाचा पगार गळतो, आणि ती फट आता मोबाइलच्या पडद्यावरही असते.

त्या रात्री मी सगळा हिशेब अब्बांच्या वहीत मांडला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. ‘‘आकडा घेणाऱ्याला हे ठाऊक असेल?’’ त्यांनी विचारलं.

‘‘त्याला एवढंच ठाऊक असतं, अब्बा.’’

अब्बांनी मटका लगेच सोडला नाही. आधी जोडी बंद केली. म्हणाले, तिथं फार बुडतं. एकेरी आकडा पुढे दोन वर्षं चालू राहिला. वजावट दोन्हीकडे सारखीच असते, हे मी तेव्हा त्यांना पुन्हा सांगितलं नाही.