सडा आणि राई

वैशाखातल्या भर दुपारी, तापलेल्या कातळाचा चटका वहाणेतूनही तळपायास जाणवत असताना, दक्षिण कोकणातल्या एखाद्या सड्यावरून जो मनुष्य गावच्या देवराईत शिरला असेल, त्यास पहिल्या दहा पावलांत जाणवणारा फरक केवळ सावलीचा नसतो. पायाखालची जमीनच बदललेली असते. सड्यावर जेथे कुदळीचा घाव खणकन परत येतो, तेथून शंभर हातांवर, राईत, पातेऱ्याचा वरचा कुरकुरीत थर हाताने बाजूस सारला की त्याखाली ओलसर, अर्धवट कुजलेली पाने लागतात, त्यांच्याखाली कोणते पान कोणत्या झाडाचे हे ओळखू येऊ नये इतका काळसर भुगा लागतो, आणि त्याहीखाली बारीक मुळांच्या जाळ्याने गच्च धरलेली, पण मुठीत घेताच रव्यासारखी सुटी होणारी माती लागते. खडक दोन्हीकडे एकच, पाऊस एकच, ऊन आणि वाराही तोच. ह्या दोन जागांचा विचार करता करता माझी अशी खात्री होत गेली की, जमीन चांगली म्हणून तेथे अरण्य वाढले हा आपला नेहमीचा समज सह्याद्रीपुरता तरी उलटा वाचला पाहिजे. येथे अरण्य टिकले, म्हणून जमीन टिकली.

सह्याद्रीचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याच्या, म्हणजे काळ्या बेसाल्टच्या थरांचा. ह्या खडकात झाडांना लागणारा चुना, पोटॅश, मॅग्नेशियम असे सारे काही मूळचे होते. परंतु महाबळेश्वरासारख्या ठिकाणी आजही वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस लक्षावधी वर्षे त्यावर कोसळत राहिला, आणि जे जे विरघळण्याजोगे होते ते ते त्याने समुद्राच्या स्वाधीन केले. मागे उरले ते पाण्यास दाद न देणारे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. त्यांचाच जांभा झाला. फ्रान्सिस बुकॅनन ह्या प्रवासी वैद्याने मलबारात हा दगड पाहिला तेव्हा, खाणीतून काढताना लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा आणि उघड्या हवेत राहिला की विटेसारखा टणक होणारा त्याचा स्वभाव ध्यानी घेऊन, विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याने त्यास ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. त्याचा तो ग्रंथ १८०७ साली प्रसिद्ध झाला. कोकणातल्या गवंड्यास मात्र हा धर्म त्यापूर्वीच ठाऊक होता, कारण चिरेखाणीतून ताजा चिरा काढून तो वाऱ्यावर ‘पिकू’ देण्यावरच त्याची घरे उभी होती.

मृदाशास्त्राच्या हिशेबाने पाहू जाता अशी जमीन जवळजवळ दिवाळखोरच म्हणावी लागेल. तिच्यात जो थोडाबहुत स्फुरद असतो तोही लोहाने आणि अ‍ॅल्युमिनियमने असा आवळून धरलेला असतो की, असून नसल्यासारखाच. तरीही ह्याच जमिनीवर दहा-दहा पुरुष उंचीची झाडे उभी राहिली, ती कशी? त्याचे रहस्य असे की, ह्या अरण्याची दौलत खाली खजिन्यात पडून नाही. ती खोडांत, फांद्यांत, पानांत आणि जमिनीच्या वरच्या वीतभर थरात सतत फिरती ठेवलेली आहे.

ह्या फिरतीचा प्रारंभ पानगळीपासून होतो, आणि पानगळही आपण समजतो तशी निष्काळजी उधळण नव्हे. पान पिवळे पडू लागते तेव्हा झाड त्यातील नत्र आणि स्फुरद मागे ओढून घेत असते. देठाशी सांधा तुटण्यापूर्वी सुमारे निम्मा ऐवज फांदीत जमा झालेला असतो. उरलेल्या निम्म्यासह पान खाली येते. उष्ण प्रदेशातील अरण्यांत असा पालापाचोळा दर हेक्टरी वर्षाला पाच-सहा टनांपासून दहा-बारा टनांपर्यंत पडतो. फाल्गुन-चैत्रात पडलेला हा पातेरा कोरडा, निश्चल पडून राहतो, आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की त्या थराला जणू जाग येते. त्या दिवशी येणारा मातीचा वास, ज्याच्या आठवणीनेही परदेशी राहणारा मराठी माणूस व्याकूळ होतो, त्याचा मोठा अंश म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेले ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य होय. आपल्याला आवडणारा तो गंध कुजण्याच्या कारखान्यातूनच येतो, आणि ह्यात ओशाळवाणे काही नाही. कुजणे हा शब्दच आपण उगाच हीन मानला आहे.

त्या कारखान्यात कामकऱ्यांची वाण नाही. गांडूळ तर सर्वांच्या परिचयाचे. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, ह्या सामान्य जीवावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, आणि इंग्लंडात अनेक ठिकाणी एकरी दहा टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते असा हिशेब मांडला. सह्याद्रीत त्याच्या जोडीला वाळवी आहे. घरच्या तुळईला लागणारी म्हणून आपण तिचा तिरस्कार करतो. परंतु अरण्यात पडलेल्या ओंडक्याचे, जे लाकूड इतर बहुतेक प्राण्यांना पचत नाही, त्याचे काम तीच पत्करते. तिच्या कित्येक जाती वारुळाच्या आत चक्क बुरशीची शेती करतात, चावलेल्या लाकडावर ती बुरशी वाढवून मग तीच अन्न म्हणून खातात; आणि पावसाळ्यात वारुळावर जी पांढरी अळंबी छत्रीसारखी उगवतात व कोकण-गोव्यातील माणसे मोठ्या आवडीने खातात, ती ह्याच शेतातून वर आलेली असतात. वारूळ बांधताना वाळवी खोलवरची बारीक चिकणमाती वर आणते, त्यामुळे वारुळाची माती आसपासच्या मातीहून बहुधा सकस असते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपाने होते. ज्या पूर्वजांनी जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या मातीच्या त्या ढिगापुढे प्रथम हात जोडले, त्यांना भूमीच्या सर्जनाचे काहीएक दर्शन तेथे घडले असले पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

पाने कुजली, त्यांतले क्षार सुटे झाले. आता मुसळधार पावसाने ते वाहून नेण्यापूर्वी झाडाने उचलले पाहिजेत. येथे मुळांच्या मदतीस येते ती बुरशी. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे प्रशियाच्या सरकारने ‘ट्रफल’ नावाच्या महागड्या भूमिगत अळंबीची लागवड करता येईल काय, हे पाहण्याची कामगिरी सोपवली होती. लागवड काही साधली नाही. परंतु झाडांची मुळे तपासता तपासता त्यास असे आढळले की, निरोगी झाडांच्या मुळांभोवती बुरशीचे वेष्टन असते, आणि तो रोग नसून सहवास आहे. १८८५ साली त्याने ह्या जोडीस ‘मायकोरायझा’, म्हणजे बुरशी-मूळ, असे नाव दिले. आपल्याकडील बहुतेक वृक्षांत ही बुरशी मुळाच्या बाहेर वेष्टन न करता थेट पेशींत शिरून झाडाच्या आकाराचे सूक्ष्म फाटे फोडते. स्कॉटलंडातील ऱ्हायनी येथे सापडलेल्या सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत असेच फाटे दिसतात. त्या वनस्पतींना खरी मुळे फुटण्यापूर्वीच बुरशीची सोबत मिळाली होती.

ह्या सोबतीचा व्यवहार रोखठोक आहे. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मूळ आपल्या भोवतालचा दोन-एक मिलिमीटरांचा पट्टा शोषून घेते, आणि मग त्याच्यापुढे दुष्काळ उभा राहतो. बुरशीचे तंतू आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढे बारीक; मूळ जेथे शिरू शकत नाही अशा फटींतून ते कितीतरी सेंटिमीटर पुढे जाऊन स्फुरद वेचून आणतात, आणि त्या चाकरीबद्दल झाड आपल्या पानांत तयार झालेल्या साखरेतला वाटा, कधी कधी पाचव्या हिश्श्यापर्यंत, त्यांना देते. जांभ्यासारख्या जमिनीत ही बुरशी नसती तर झाडांची उपासमारच झाली असती. आषाढात फुलणाऱ्या जमिनीवरच्या आमरी तर जन्मापासूनच तिच्या ऋणात आहेत. त्यांचे बी धुळीच्या कणाएवढे, त्यात शिदोरी अशी काहीच नाही, आणि योग्य बुरशी भेटली तरच ते रुजते.

अलीकडे ह्या तंतूंच्या जाळ्यातून झाडे एकमेकांशी बोलतात, आईझाड आपल्या रोपांना जेवू घालते, अशी वर्णने पुष्कळ वाचावयास मिळतात. कॅनडात भूर्ज आणि डग्लस फर ह्यांच्या रोपांवर झालेल्या प्रयोगांत एका झाडातील कर्ब दुसऱ्यात गेल्याचे दिसले होते, आणि १९९७ साली ते प्रसिद्ध झाले. परंतु तो नेमक्या कोणत्या वाटेने गेला आणि पोचला त्याचा दुसऱ्या झाडास उपयोग किती, ह्याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप खरा वाद आहे. जे सिद्ध झाले आहे तेच इतके अद्भुत आहे की, त्यावर कल्पनेची कलाकुसर करण्याची गरज मला दिसत नाही.

नत्राची कथा निराळी. तो ह्या खडकात जवळजवळ नसतोच. हवेत मात्र विपुल असतो, आणि झाडांना तो हवेतून घेता येत नाही. पांगारा, करंज, शिसव, शिरीष, खैर अशा शेंगावर्गीय झाडांनी आपल्या मुळांवरच्या गाठींत जिवाणूंना आश्रय देऊन ही अडचण सोडवली आहे. हेलरीगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली ही युक्ती उलगडून दाखवली. अशा झाडाची पाने कुजली की त्यातला नत्र शेजाऱ्यांनाही मिळतो. आणि जेथे ही सोय नाही, माती जेमतेम बोटभर आहे, अशा सड्यांवर काय होते ते श्रावण-भाद्रपदात कास पठारावर किंवा कोकणातल्या कोणत्याही कातळावर वाकून पाहावे. ‘सीतेची आसवे’ ह्या नाजूक निळ्या-जांभळ्या फुलांच्या रोपाने आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले जीव पकडलेले असतात, आणि ‘दवबिंदू’च्या चिकट पानांवर माश्या-चिलटे अडकलेली असतात. मातीने नत्र दिला नाही, म्हणून वनस्पतीने तो शिकारीतून मिळवला.

खोल मुळांच्या झाडांचे कार्य आणखी वेगळे. मुळे श्वासोच्छ्वास करतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपट असतो. तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होते, मुळे स्वतःही सेंद्रिय आम्ले सोडतात, आणि खालचा कोवळा खडक हळूहळू विरघळतो. अशा रीतीने वर आणलेला चुना ऐनाच्या सालीत इतका साठतो की, त्या सालीची राख विड्यात चुन्याऐवजी वापरण्याची चाल होती. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यास ऐनाचे मोल भाताच्या राबामुळे ठाऊक होते. टहाळ तोडून, शेण आणि गवत पसरून, रोपाच्या वाफ्यावर तो जाळल्याशिवाय आवण जोमदार होत नाही, असा त्याचा पिढीजात अनुभव. जंगल सरकारी राखीव झाले, टहाळ तोडणे गुन्हा ठरले, आणि तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारास १८८५ साली आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालचा आहे. जळताना नत्र हवेत जातो हे खरे, आणि दरसाल ओरबाडलेल्या ऐनाचा ठोंब होतो हेही खरे. परंतु अरण्याने खोलवरून काढलेले क्षार राखेच्या रूपाने शेतात आणता येतात, हे त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या कुळाने हेरले होते, ही गोष्ट त्या काळच्या दप्तरातून वाचताना मला फार मोठी वाटते.

काही झाडांना तर मातीत श्वासच मिळत नाही. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे, आणि गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईत, रानजायफळांची दलदल आहे. तेथे चिखलात पाणी भरलेले, हवा नाही. म्हणून त्या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात, हवा घेतात आणि पुन्हा खाली जातात. ही दोन्ही ठिकाणे देवाच्या नावाने राखलेली आहेत, हा योगायोग नव्हे. देवराईतून वाळकी काटकीही बाहेर न्यायची नाही हा नियम जेथे पाळला गेला, तेथेच मातीचे हे नाजूक बंदोबस्त शाबूत राहिले. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा १९७० च्या दशकात जो अभ्यास केला, त्यामुळे ह्या ठेव्याकडे शास्त्राची दृष्टी प्रथमच नीट वळली.

हा नियम मोडला की काय होते, तेही डोळ्यांसमोर आहे. एकट्या सागाच्या लागवडीत, जमिनीवर झुडपांचा आणि पातेऱ्याचा थर नसेल तर, सागाच्या मोठ्या पानांवरून ओघळणारे थेंब मोठे होऊन उंचावरून आदळतात आणि माती उघड्या आकाशाखालच्याहूनही जास्त फोडतात. तशात वणवा लागला की उरलासुरला पाचोळाही जातो. मंदिराच्या जीर्णोद्धारात ‘स्वच्छता’ म्हणून राईतला पातेरा झाडून पेटवून देतात, वर फरशी घालतात, आणि झाड एकही तोडले नाही असे अभिमानाने सांगतात. झाडे तोडलेली नसतात हे खरे. त्यांचे अन्न मात्र काढून घेतलेले असते, आणि ती हळूहळू शेंड्यापासून वाळू लागतात तेव्हा कोणास कारण कळत नाही.

परंतु सड्यावरही काम थांबलेले नाही. कातळाच्या भेगेत वाऱ्याने आणलेली चिमूटभर धूळ साठते, तीत करवंदाचे बी पाखराच्या विष्ठेतून पडते, आणि काही वर्षांत तेथे काटेरी जाळी होते. त्या जाळीत गुरांचे तोंड जात नाही; वाऱ्यावर उडणारी पाने मात्र अडकतात, ती तेथेच कुजतात, वाळवी येते, ओल टिकते. मे महिन्यात पोरे करवंदे काढावयास अशा जाळीत हात घालतात तेव्हा आतल्या थंड मातीचा स्पर्श त्यांना होतो. नीट वाकून पाहिले तर काट्यांच्या आडोशाने उभे असलेले, वीतभर उंचीचे, दोन पानांचे ऐनाचे रोपही कधी कधी तेथे दिसते.