मुठेच्या खोऱ्यातील सरपटणारे सोबती : पाच दशकांचा मागोवा

सरपटणारे प्राणी बाळगण्याची हौस युरोप-अमेरिकेत ज्या वाटेने रुजली, त्याच्या उलट वाटेने ती पुणे परिसरात आली, हे या विषयाचा मागोवा घेताना प्रथम ध्यानात घ्यावे लागते. तिकडे काचेच्या पेटीत साप किंवा सरडा ठेवणाऱ्या हौशी माणसांच्या हातून या प्राण्यांच्या संगोपनाचे बरेचसे ज्ञान साठत गेले. इकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी देशी वन्य प्राणी पकडणे व बाळगणे टप्प्याटप्प्याने गुन्हा ठरवल्यामुळे ही आवड घराबाहेरच वाढली. तिने आधी प्रतिविषाच्या प्रयोगशाळेत व सर्पोद्यानात आणि मग साप सोडवायला धावणाऱ्या तरुणांच्या हाती आकार घेतला. पुढे परदेशी प्राणी बाजारातून घरोघर येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासोबत ते ज्ञान मात्र घरात आले नाही. मुठा नदीवरील खडकवासला हे गाव या सगळ्या स्थित्यंतराचे एक टोक म्हणून पाहण्याजोगे आहे. एका बाजूस १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या आणि १९६१ च्या पानशेत दुर्घटनेत फुटून पुन्हा उभारलेल्या धरणाचा जलाशय, दुसऱ्या बाजूस राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विस्तीर्ण, झाडीने भरलेले आवार, वर सिंहगडाची डोंगररांग आणि खाली सिंहगड रस्त्याने पुढे सरकत आलेले शहर, असा या गावाचा शेजार आहे; जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या तेवीस गावांत खडकवासल्याचाही समावेश होता.

मराठी माणसाला ठाऊक असलेला सर्वांत प्रसिद्ध पाळीव सरपटणारा प्राणी याच डोंगरावरचा आहे. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा सर केला तेव्हा यशवंती नावाच्या घोरपडीच्या कमरेला दोर बांधून मावळे कडा चढले, ही कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून घरोघर पोहोचली असली, तरी समकालीन साधनांत त्या घोरपडीचा मागमूस लागत नाही. प्राणिशास्त्राच्या अंगानेही कथेपुढे अडचण आहे, कारण प्रौढ घोरपड फार तर सहा-सात किलो वजनाची असते आणि शस्त्रधारी माणसाचा भार ती पेलू शकेल असे मानणे कठीण आहे. तरीही कथेच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. संकट दिसताच घोरपड खडकाच्या कपारीत शिरते, अंग फुगवून आणि नख्या रोवून स्वतःला अशी घट्ट रुतवते की शेपटी धरून ओढणाऱ्यालाही ती सहजी निघत नाही. ज्याने ही दंतकथा प्रथम रचली, त्याने घोरपड जवळून पाहिली होती एवढे निश्चित म्हणता येईल. आज तीच घोरपड अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. पण मांसासाठी, तेलासाठी आणि नराचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हत्था जोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून खपवण्यासाठी तिची शिकार होतेच.

या मागोव्याच्या आरंभी, म्हणजे १९७० च्या आसपास, सापाला ‘बाळगणारा’ माणूस म्हणजे प्रामुख्याने गारुडी होता. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचे दात बहुधा मोडलेले असत, कधी तोंड शिवलेले असे, आणि नागपंचमीपूर्वी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवले जाई, जेणेकरून सणाच्या दिवशी समोर आलेले दूध तो तहानेपोटी पिईल. सापाच्या आहारात दुधाला स्थान नाही आणि ते त्याला पचत नाही. त्यामुळे भाविकाने श्रद्धेने पुढे केलेली वाटीच पुष्कळदा त्या जनावराच्या मरणाचे कारण होई. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची परंपरा याहून वेगळी होती. तेथे गावकरी सणासाठी जिवंत नाग पकडीत, पूजा करीत आणि नंतर सोडून देत. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तेथे जिवंत नागांच्या जागी प्रतिमा आल्या. सापांना खरोखर शास्त्रीय पद्धतीने ठेवणारी संस्था त्या काळी मुंबईत परळला होती. १८९९ मध्ये प्लेग संशोधनासाठी सुरू झालेल्या आणि १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांचे विष काढून त्यापासून घोड्यांच्या साहाय्याने प्रतिविष तयार केले जाई, आणि तेथेच काम केलेल्या पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील पुस्तक १९६० च्या दशकात नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले होते.

पुण्यात या विषयाला कलाटणी मिळाली ती १९८० मध्ये. नीलिमकुमार खैरे यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले आणि डिवचल्याखेरीज साप चावत नाही हे लोकांच्या डोळ्यांसमोर दाखवून दिले. अशा प्रयोगात जनावरांवर येणाऱ्या ताणाचा विचार आजचा अभ्यासक अधिक कठोरपणे करील, आणि तो करायलाही हवा. परंतु साप दिसला की काठी शोधणाऱ्या शहरात त्या तीन दिवसांनी जे साधले ते शंभर व्याख्यानांनी साधले नसते, हेही मान्य करावे लागते. १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले व खैरे त्याचे पहिले संचालक झाले. पेशवे उद्यानातील प्राणीही पुढे कात्रजला हलवण्यात आले आणि १९९९ मध्ये तेथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आकाराला आले. चेन्नईत रोम्युलस व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सर्पोद्यानाचा आदर्श या प्रयत्नांपुढे होताच. व्हिटेकर यांच्यासोबत पुण्याचे अशोक कॅप्टन यांनी लिहिलेला भारतीय सापांचा सचित्र मार्गदर्शक ग्रंथ २००४ मध्ये निघाला, तेव्हा सापाचे डोके, खवल्यांच्या ओळी आणि शेपटीखालचे खवले पाहून जाती ओळखण्याची शिस्त हौशी वाचकापर्यंत पोहोचली.

सर्पोद्यानाने पुणेकरांना साप केवळ दाखवला नाही, तर तो जगवण्यासाठी काय करावे लागते हेही तेथे काम करणाऱ्यांना शिकवले. सरपटणारे प्राणी शीतरक्ती असतात, म्हणजे अंगातील उष्णता ते स्वतः निर्माण करून टिकवू शकत नाहीत, ऊन आणि सावली यांत जा-ये करून ती राखतात. म्हणून बंदिवासात त्यांना एकसारख्या तापमानाची पेटी चालत नाही, एक कोपरा उबदार आणि दुसरा थंड लागतो. थंडीत ही ऊब न मिळाल्यास गिळलेले भक्ष्य पोटात पचत नाही आणि साप ते ओकून टाकतो. हवा फार कोरडी असेल तर कात अखंड निघत नाही, तिचे तुकडे अंगाला चिकटून राहतात, आणि डोळ्यावरची पारदर्शक चकती, जी एरवी कातीबरोबरच सुटते, तशीच राहिली की साप काही काळ जवळजवळ आंधळा होतो. पेटी ओलसर ठेवणे, अंग घासायला खडबडीत दगड देणे, कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झालेल्या सापाला न हाताळणे, हे सारे अनुभवाने कळत जाणारे शहाणपण होते आणि ते कात्रजच्या भिंतींआत राहिले. बाहेर जे पसरले ते दुसरेच काही.

ते म्हणजे सर्पमित्रांचे जाळे. घरात, गोठ्यात वा गाडीच्या इंजिनात शिरलेला साप पकडून दूर सोडणाऱ्या स्वयंसेवकाला महाराष्ट्रात सर्पमित्र म्हणतात. नव्वदीच्या दशकानंतर सिंहगड रस्त्यालगतची शेते इमारतींखाली गेली, मोकळ्या जागांत राडारोडा व कचरा साठला, कचऱ्यामागे उंदीर आणि उंदरांमागे धामण, नाग व घोणस आले, आणि सर्पमित्राचा फोन सतत वाजू लागला. खडकवासल्यासारख्या गावांत जलाशयाच्या काठी फिरणारी निरुपद्रवी पाणदिवडही घोणस समजून मारली जाई. तिला वाचवणारे हात निर्माण झाले, हे या चळवळीचे निर्विवाद श्रेय आहे. त्याच वेळी गळ्यात नाग घालून छायाचित्र काढणारे, पकडलेले साप काही दिवस घरात ठेवून ‘कार्यक्रम’ करणारे आणि त्या नादात दंश होऊन जीव गमावणारे तरुणही याच चळवळीतून निघाले. पकडलेला साप दूरच्या जंगलात सोडला की काम झाले, ही समजूतही पूर्णतः टिकली नाही. कर्नाटकातील आगुंबे येथे स्थलांतरित नागराजाच्या शरीरात प्रेषक बसवून केलेल्या अभ्यासात असा साप नव्या मुलखात सैरभैर, लांबलांब भटकत राहतो असे दिसून आले. वन विभागाने पुढे सर्पमित्रांच्या नोंदणीचा आग्रह धरला, त्यामागे ही सगळी पार्श्वभूमी आहे.

घरात पाळण्याच्या दृष्टीने मात्र या पाच दशकांचा खरा नायक, किंवा खरा बळी, साप नव्हे. ते आहे कानाजवळ लाल पट्टा असलेले अमेरिकी कासव. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले हे कासव पिल्लू असताना नाण्याएवढे असते, हिरवेगार आणि देखणे दिसते, आणि माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानांतून प्लॅस्टिकच्या उथळ डबीत, मध्ये एक खोटे ताडाचे झाड असलेल्या बेटासह, सहज मिळत आले आहे. वास्तुदोष जातो, धन येते, अशा समजुतींनी त्याचा खप वाढवला. विकणारा त्याच्यासोबत लाल-हिरव्या कोरड्या गोळ्यांची बाटली देतो आणि एवढेच पुरे असे सांगतो. प्रत्यक्षात या कासवाला पोहण्यासाठी खोल पाणी, पूर्ण कोरडे होऊन ऊन खाण्यासाठी जागा आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण यांची गरज असते, कारण त्या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय अन्नातले कॅल्शियम हाडांत मुरत नाही. खिडकीची काच हे किरण बहुतांशी अडवते, त्यामुळे ‘उन्हात ठेवतो’ म्हणणाऱ्याच्या घरातही कासवाचे कवच हळूहळू मऊ पडते, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले तर पापण्या सुजून बंद होतात; न दिसणारे कासव खात नाही, आणि मालकाला वाटते की ते झोपले आहे.

जे कासव या सगळ्यातून तगते ते मोठे होते. मादीचे कवच पंचवीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते, आयुष्य दोन-तीन दशकांचे असते, आणि सदनिकेतल्या टाकीत ते मावेनासे होते. अमेरिकेत साल्मोनेला या आतड्याच्या रोगजंतूच्या भयाने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्येच बंदी आली होती. भारतात तशा आकाराचीच पिल्ले सर्वाधिक विकली गेली. वाढलेल्या कासवाचे करायचे काय, या प्रश्नाला अनेक कुटुंबांनी शोधलेले उत्तर म्हणजे देवळाचे तळे, विहीर किंवा धरण. सोडणाऱ्याच्या मनात बहुधा दयाच असते, काही वेळा पुण्यही असते. पण हे कासव जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत गणले गेले आहे, आणि ऊन खाण्याच्या जागा व अन्न यांसाठी ते देशी कासवांशी झगडते.

कायद्याचे पाऊल येथे वाकडे पडले. पुण्यातल्या दुकानातून कोणी देशी कासव किंवा मांडूळ घेतले तर तो गुन्हा होता. मांडुळाच्या तर जिवंत वजनावर अंधश्रद्धेचा मोठा काळाबाजार उभा राहिला आणि पोलिसांचे छापे नित्याचे झाले. पण परदेशी इग्वाना, बॉल पायथन किंवा दाढीवाला सरडा भारतात आल्यानंतर घरात ठेवण्यावर अधिनियमात प्रदीर्घ काळ काहीच तरतूद नव्हती. धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ या करारात भारत १९७६ मध्ये सामील झाला असला, तरी त्याची बंधने सीमेवर लागू होती, सीमा ओलांडल्यावर नव्हती. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने असे प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याचे आवाहन केले आणि मुदतीत माहिती देणाऱ्याकडून कागदपत्रे मागितली जाणार नाहीत असे सांगितले. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, साइट्सच्या याद्यांतील जातींसाठी अधिनियमात स्वतंत्र चौथी अनुसूची घातली. २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर सहा महिन्यांत करणे बंधनकारक केले, आणि जन्म, मृत्यू व हस्तांतरण कळवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. दुरुस्तीमागची यादी मात्र व्यापाराने धोक्यात आलेल्या जातींची आहे, पाळण्यास अवघड किंवा स्थानिक जलाशयांस घातक जातींची नाही. लाल पट्ट्याचे कासव जगभर मुबलक असल्याने त्या यादीत बसत नाही, म्हणून ज्या प्राण्याने सर्वाधिक घरांत प्रवेश केला आणि सर्वाधिक पाण्यात शिरकाव केला, तोच नोंदणीबाहेर राहिला.

याच्या शेजारी दुसरी एक नोंद ठेवावी लागते. ब्रिटिश म्युझियमचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये मऊ कवचाच्या एका मोठ्या कासवाचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातील डॉक्टर लीथ यांच्या नावावरून त्या जातीला लीथचे कासव म्हणतात, आणि ज्या ठिकाणचा नमुना तिच्या ओळखीस आधार झाला ते ठिकाण पुणे होय. दक्षिणेकडील नद्यांपुरते मर्यादित असलेले हे कासव मांसासाठी होणारी शिकार, वाळूउपसा, प्रदूषण आणि धरणे यांमुळे इतके विरळ झाले की ते आज अतिसंकटग्रस्त गणले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या साइट्सच्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याला दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात नेण्यात आले, म्हणजे त्याच्या व्यापारी उलाढालीस पूर्ण मनाई झाली. त्याच काळात पुण्यातील दुकानांत लाल पट्ट्याची पिल्ले, बेट आणि गोळ्यांच्या बाटलीसह, विनापरवाना मिळत होती.